कधीपासून दुखतंय

महाराजपूर, जबलपूर
२ जानेवारी २०२५

ताई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि लिहायला घेतो. तुझे कान गेल्यापासून फोनवर बोलणं म्हणजे दोघांनाही शिक्षा, आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून कागद. शिवाय खरं सांगायचं तर पत्र लिहिल्याशिवाय मला नीट विचारही करता येत नाही.

प्रतिमा आजारी होती. आता घरी आहे, काळजी करू नकोस. चोवीस डिसेंबरला दुपारी जेवण झाल्यावर तिच्या पोटात अशी कळ आली की ती ओटा धरून खाली बसली. डोळे पिवळे दिसत होते. शेजारच्या अनुपमने गाडी काढली आणि मदन महलकडच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. पित्ताशयात खडे निघाले. त्यातला एक घसरून नळीत अडकला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो काढला. नर्मदामाईची कृपा, अठ्ठावीसला तिला सुट्टी मिळाली. पण डॉक्टरांनी बजावलं आहे की पित्ताची पिशवीच काढायला हवी, आणि तीही दीड-दोन महिन्यांच्या आत. पुन्हा खडा अडकला तर जिवावर बेतू शकतं.

आता अडचण सांगतो. तुझ्या सांगण्यावरूनच २०२२च्या मे महिन्यात मी तीन लाखांचा आरोग्य विमा घेतला होता. त्याचं कार्ड रुग्णालयात दाखवलं. त्यांनी कागद पाठवले. सुट्टीच्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, की कॅशलेस मंजूर नाही, कारण आजार पॉलिसी घेण्याच्या आधीपासूनचा आहे. बिल ब्याण्णव हजारांचं झालं होतं. अवंतीच्या पुढच्या सत्राची फी बाजूला ठेवली होती, त्यातून आणि थोडं इकडून तिकडून करून भरलं. पोरगी भोपाळला शिकते, तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि प्रतिमा म्हणते, दुसरं ऑपरेशन नाही. ‘बिनतेलाचं खाईन, माईचं नाव घेईन, पण पोरीच्या शिक्षणाला हात लावणार नाही.’ तिचं म्हणणं, जी कंपनी एकदा नाही म्हणाली ती त्याच आजाराला दुसऱ्यांदा हो कशी म्हणेल? बिल सात पानांचं आहे. मी संस्कृतचा मास्तर, जन्मभर पोरांना समास सोडवून दाखवत आलो, पण या बिलाचं एक पान मला सुटलं नाही.

तू सारी नोकरी विमा कंपनीच्या दाव्यांच्या टेबलावर केलीस. सौंसरजवळच्या आपल्या गावातून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी तू. मला पैसे परत मिळवून दे असं म्हणत नाही. हे काय झालं ते समजावून दे. प्रतिमाला समजावता येईल असं काही तरी दे.

तुझा
रामकृष्ण

———

नागपूर
६ जानेवारी

रामकृष्ण महाराज,

बायको रुग्णालयात गेली ते मला तेरा दिवसांनी कळतं! वाचता वाचता चहा गार झाला तो झालाच. मी बहिरी झाले आहे, मेले नाही. पुढच्या वेळी तार कर. तारा बंद झाल्या हे माहीत आहे मला, तरी कर.

आता ऐक. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा फेटाळला असं नव्हे. हे जोरात वाचून प्रतिमाला ऐकव. कॅशलेस म्हणजे एक सोय आहे. रुग्णालयाने तुझ्याकडे न मागता कंपनीकडे मागायचं. कंपनी म्हणाली, आमच्या मनात शंका आहे, आत्ता घाईत आम्ही हमी देत नाही. बस, एवढंच. तू तुझ्या खिशातून भरलेस. आता ते पैसे मागायचा अर्ज तुला करायचा आहे, आणि तो तू अजून केलेलाच नाहीस. न मागितलेली गोष्ट नाकारली म्हणून तुम्ही दोघं रडत बसला आहात. सुट्टी मिळाल्यापासून तीस दिवस असतात बहुतेक ठिकाणी, तुझ्या पॉलिसीत पाहून घे. म्हणजे सत्तावीस जानेवारी. त्या आधी कागद पोचले पाहिजेत.

बिलाचं म्हणशील तर सात पानं एका दमात वाचू नकोस. पेन्सिल घे. हातमोजे, कापूस, नोंदणीचा आकार, असल्या गोष्टींना खूण कर. त्या बहुतेक कुणीच देत नाही, त्यांचं दुःख करायचं नाही. मग खोलीचं भाडं शोध. तीन लाखांच्या जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत रोज तीन हजारांपर्यंतच भाडं मिळतं. तू कोणती खोली घेतलीस? खरं सांग.

बिलाची, नकाराच्या पत्राची, सुट्टीच्या कागदाची आणि भरतीच्या वेळी डॉक्टरने जी हकीकत लिहून घेतली त्या पानाची, अशा सगळ्यांच्या प्रती पाठव. ते हकीकतीचं पान विसरू नकोस. ‘आधीपासूनचा आजार’ हे कंपनीला स्वप्नात दिसलेलं नाही. कुणी तरी, कुठे तरी ते बोललं आहे.

प्रतिमाला म्हणावं, तेल बंद कर, पण ऑपरेशन बंद करू नकोस.

शरयूताई

———

महाराजपूर
१० जानेवारी

ताई,

सोबत सगळ्या प्रती आणि थोडा तिळगूळ पाठवतो आहे. तिळगूळ माझ्या हातचा आहे, म्हणून जरा कडक झाला आहे. दातांना जप.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. ‘न मागितलेली गोष्ट’ या वाक्याला प्रतिमा हसली. आजारानंतर पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, ‘मागून पाहा, पण मला मधे घेऊ नका.’

खोलीचं विचारलंस. एकट्याची खोली घेतली, रोजचे साडेचार हजार. साध्या वॉर्डात सतत माणसांची ये-जा, टीव्ही चालू. तिला सकाळचा जप शांतपणे करता यावा म्हणून घेतली. वरचे दीड हजार आपण भरू असं मनाशी म्हटलं होतं.

आणि भरतीच्या वेळच्या हकीकतीत लपवण्यासारखं काहीच नाही. मी तिथेच होतो. एक तरुण डॉक्टरीण बाई आल्या आणि विचारू लागल्या, ‘कब से है तकलीफ़?’ प्रतिमा वेदनेने मुरगळून पडली होती, म्हणून मीच म्हणालो, ‘मैडम, बाईस साल से। शादी के बाद से देख रहा हूँ, हर उपवास में पेट पकड़कर बैठ जाती हैं, पर व्रत नहीं छोड़तीं।’ बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मला त्या वेळीही अभिमान वाटला ताई, खोटं काय सांगू. सोमवार आणि एकादशी, एकही चुकवलेला नाही तिने. आमच्या घरावर जी काही कृपा आहे ती तिच्या त्या उपासांची आहे असं मी मानतो.

अनुपम काल आला होता. तो औषधांच्या दुकानात काम करतो, त्याला रुग्णालयातले लोक ओळखतात. म्हणाला, ‘भैया, काग़ज़ ही तो है। बाईस साल का दो महीने करवा देते हैं। सब करवाते हैं।’ पोरगा मनाचा चांगला आहे, आमच्यासाठीच बोलत होता. मी नाही म्हटलं. नर्मदेच्या काठी राहून बायकोच्या आजारावर खोटं लिहून घ्यायचं आणि मग तिच्यासाठी माईला हात जोडायचे, हे मला जमणार नाही. प्रतिमाने आतून ऐकलं होतं. तिने चहा फार गोड केला.

तुझा
रामकृष्ण

———

नागपूर
१४ जानेवारी

रामकृष्णा,

तिळगूळ पाट्यावर फोडून खाल्ला. गोड आहे.

तुझे कागद मी तीनदा वाचले. आधी खोलीचं संपवते. तुला वाटलं, वरचे दीड हजार आपले आणि बाकी कंपनीचे. तसं नसतं. तुझा हक्क तीन हजारांच्या खोलीचा आणि राहिलास साडेचारच्या खोलीत, म्हणजे तीन रुपयांतले दोन. मग डॉक्टरची फी, दुर्बिणीचं काम, नर्सचा आकार, सगळ्यातच कंपनी तीनातले दोन रुपये धरते. कारण मोठ्या खोलीतल्या माणसाला रुग्णालय सगळंच महाग लावतं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या यातून सुटतात. जप वॉर्डातही होतो. टीव्हीपेक्षा देव मोठा आहे.

आता हकीकतीचं पान. तू बाईंना एवढं पुराण सांगितलंस, त्यातलं कागदावर काय आलं पाहिलंस का? उपास आला नाही. व्रत आलं नाही. एकच ओळ आली आहे, ‘पोटदुखी, बावीस वर्षांपासून.’ त्या मुलीची चूक नाही. तिच्यापुढे वीस रुग्ण असतील. तुमच्या पॉलिसीत पित्ताच्या खड्यांसाठी दोन वर्षं थांबायचं असतं, ती दोन वर्षं झाली. पण आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षं लागतात, ती मे महिन्यात पुरी होतील. बावीस वर्षांची ओळ वाचून टेबलावरच्या माणसाने दुसरं काय करायचं? मीही तिथे असते तर हेच केलं असतं.

अनुपमला नाही म्हणालास ते फार बरं केलंस. असे बदललेले कागद माझ्यापुढे यायचे. पकडले गेले की दावा तर जातोच, पॉलिसीही जाते. आणि तू जे कारण दिलंस ते मला आवडलं. आपले गावाकडचे काका आज असते आणि हे त्यांनी वाचलं असतं तर त्यांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता.

पण तू खरं सांगितलंस असंही मी म्हणणार नाही. तुला जे बाहेरून दिसलं ते तू सांगितलंस. पोट तिचं आहे. उपासाच्या दिवशी दुखायचं ते आणि चोवीस तारखेला दुखलं ते एकच होतं, हे तुला कुणी सांगितलं? तिला विचारलंस? डॉक्टरने विचारलं? या साऱ्या कागदांत प्रतिमाचं एकही वाक्य नाही.

तिला मला लिहायला सांग. तिच्या हाताने. कधीपासून, कुठे, काय खाल्ल्यावर, कशाने थांबतं, सगळं. आणि तू आत डोकावायचं नाहीस. पाकीट तिनेच चिकटवायचं.

शरयूताई

———

महाराजपूर
१८ जानेवारी

ताईंना प्रतिमाचा नमस्कार,

ह्यांनी मला पाकीट, तिकीट, पेन देऊन स्वयंपाकघरात बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसले, जशी काही बोर्डाची परीक्षा चालू आहे. दोनदा खोकून गेले. मी म्हटलं, ‘कॉपी करून नाही राहिली मी, जा.’

माझं मराठी लिहिणं सुटलं आहे, पोरीशी पण अर्धं हिंदीच बोलणं होते. चुकलं तर सांभाळून घ्या.

उपासाचं दुखणं वेगळं होतं ताई. ते भुकेचं. मधोमध जळजळ व्हायची, छातीखाली. वाटीभर दूध घेतलं की थांबून जायची. हे आत्ताचं जेवल्यावर येते, ते पण तळलेलं काही खाल्लं तर. उजव्या बरगडीखाली धरते आणि पाठीतून खांद्यापर्यंत जाते. पाणी घ्या, दूध घ्या, काही फरक पडत नाही. हे दिवाळीनंतर सुरू झालं. मी चिवड्यावर ढकललं. तीन-चारदा झालं, मी कोणाला बोलली नाही. मग त्या दिवशी तसं झालं.

आता दुसरं. हे लिहू की नको म्हणून मी मघापासून पेन घेऊन बसली आहे.

मी उपास सोडून चार वर्षं झाली.

अवंती दहावीत होती तेव्हा एका सोमवारी मला चक्कर आली, गॅस चालू होता, पदर पेटता पेटता राहिला. पोरीने मला बसवलं आणि पोळीला तूप-गूळ लावून हातात दिली. म्हणाली, ‘मम्मी, खा चुपचाप।’ मी खाल्ली. इतकी गोड लागली की रडू आलं. तेव्हापासून सोमवारी हे शाळेत गेले की मी दोन पोळ्या खाते. एकादशीला पण. मग दुपारी ह्यांच्यासोबत साबुदाणा खाते. चार वर्षांत ते जळजळीचं दुखणं एकदा पण झालं नाही. म्हणजे ह्यांनी डॉक्टरला जे बावीस साल सांगितलं ते तसं नाहीच.

काहून सांगितलं नाही म्हणाल. ताई, हे माझ्या उपासाबद्दल लोकांना सांगतात ना, तेव्हा ह्यांचा चेहरा पाहा तुम्ही कधी. बाकी गोष्टींत हे कधी मोठेपणा नाही सांगत. एवढी एकच गोष्ट. ती मला मोडवली नाही. आता इतकी वर्षं झाली की तोंड कसं उघडू? हे कागदावर खोटं लिहायला तयार नाहीत, आणि घरात मी ह्यांच्याशीच खोटं वागून राहिली. त्या दिवशी अनुपमला नाही म्हणाले तेव्हा मला मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनची मला भीती नाही. फीची आहे. आणि कधी वाटते, हे दुखणं त्या पोळ्यांचंच फळ असेल. मग वाटते भोगून घ्यावं.

हे ह्यांना सांगू नका.

प्रतिमा

———

नागपूर
२१ जानेवारी

प्रतिमा,

हे पत्र तुझ्या नावाने, तूच उघडशील.

खडे पोळ्यांनी होत नाहीत. आणि केलेल्या गोष्टीची अशी वजाबाकी देव करत नाही, ती आम्ही कंपनीवाले करतो. त्याच्या नावावर आमचं काम टाकू नकोस. चक्कर येऊन गॅसवर पडली असतीस तर तुझा नवरा कोणाचा अभिमान सांगत बसला असता? जेवलीस ते फार शहाणपणाचं केलंस. अवंतीला माझ्याकडून शंभर आशीर्वाद.

तू दुखण्याचं जे लिहिलं आहेस ना, ‘हे जेवल्यावर येते, ते भुकेचं होतं’, एवढं स्वच्छ मला नोकरीत मोठ्या मोठ्या साहेबांनी लिहून दिलं नाही. मी ते वाक्य उठून पुन्हा उजेडात वाचलं.

आता काय करायचं ते. त्याच डॉक्टरकडे जा आणि हेच सगळं तुझ्या तोंडाने सांग. ते पुन्हा तपासून, विचारून, त्यांच्या लेटरहेडवर लिहून देतील, की आधीचा त्रास वेगळा होता, चार वर्षांपूर्वी थांबला, आणि खड्यांचा त्रास दिवाळीनंतरचा. जुन्या पानावर खाडाखोड नाही, ते तसंच राहू द्यायचं. नवा खुलासा जोडायचा. रीतसर असतं हे. यात एक अक्षर खोटं नाही.

पण बावीस वर्षांची ओळ रामकृष्णाच्या तोंडून आली आहे आणि पॉलिसीही त्याच्या नावावर. तेव्हा आपण कोणत्या दुखण्याबद्दल बोललो होतो आणि आपल्याला काय माहीत नव्हतं, हे त्यालाही लिहून द्यावं लागेल. म्हणजे त्याला कळणार.

मी सांगणार नाही. माझ्याकडून कळलं तर ती चहाडी होईल. तू सांग, आणि लवकर. सत्तावीस तारीख माझ्यासाठी थांबणार नाही, तुझ्यासाठीही नाही.

तो भोळा आहे, पण लहान मनाचा नाही. लहानपणापासून ओळखते मी त्याला.

शरयूताई

———

महाराजपूर
२६ जानेवारी

ताई,

आज शाळेतलं झेंडावंदन करून आलो आणि लिहायला बसलो. काल कागद स्पीड पोस्टाने गेले. सगळं सांगतो.

गुरुवारी दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. या दिवसांत जबलपुरात घराघरांतून हेच चाललेलं असतं. तिने तुझं पत्र पदराखाली ठेवलं होतं हे मला नंतर कळलं. म्हणाली, ‘एक सांगायचं आहे. रागवा, पण उठून जाऊ नका.’

‘बोल ना.’

‘मी सोमवारी जेवते.’

‘कोणत्या सोमवारी?’

‘सगळ्याच.’

मी शेंग सोलत राहिलो. मला वाटलं गंमत करते आहे. ‘आणि एकादशीला?’

‘एकादशीला पण. निर्जळीला तर तुम्ही निघालात की लगेच.’

‘मग माझ्यासोबत साबुदाणा काहून खातेस?’

‘तो मला आवडते.’

ताई, त्यावर मला हसू आलं आणि तिला रडू. मग तिने चार वर्षांचं सगळं सांगितलं. चक्कर, पदर, अवंतीची पोळी. मी उठून गेलो नाही, तिने सांगितलं होतं म्हणून. ती चहा करायला उठली तेव्हा मी सायकल काढून ग्वारीघाटावर गेलो.

पायऱ्यांवर बसलो. मला वाटत होतं राग येईल. वाट पाहिली, आला नाही. समोर माई वाहत होती, नावा पलीकडे जात होत्या. आणि मनात एकच चित्र येत राहिलं. आपल्याच स्वयंपाकघरात दार लोटून, घाईघाईने दोन पोळ्या खाणारी माझी बायको, मग ताट धुऊन जागेवर ठेवणारी. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद मोडू नये म्हणून. मी ज्याला तिची तपश्चर्या म्हणत होतो ती तिची नव्हतीच, आणि जी होती ती मला दिसली नव्हती. एवढी वर्षं मी माईपुढे हात जोडून तिच्या भुकेबद्दल सांगत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या पोळ्यांबद्दल आभार मानले. कुणाला विचित्र वाटेल. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. मी आपण होऊन बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. तिचा आवाज येत होता. एरवी कुणापुढे दोन वाक्यांवर न जाणारी ही बाई एकसारखी बोलत होती, हिंदीत, न थांबता, कुठून कुठे कळ जाते, काय खाल्लं की येते. ऐकता ऐकता मला कळलं की यातलं मला काहीही माहीत नव्हतं. दिवाळीनंतर तीन-चारदा ती त्या कळेत बसून राहिली होती आणि मी पलीकडच्या खोलीत पोरांच्या वह्या तपासत होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘मास्साब, ये उसी दिन पूछ लेना था हमें। इन्होंने तो सब साफ़ बता दिया।’ आणि तिथेच बसून त्यांनी खुलासा लिहून दिला.

मीही माझं पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं. शेवटी जे झालं ते सरळ लिहिलं, की मी उपासाच्या दिवशीच्या दुखण्याबद्दल बोललो होतो, ते दुखणं चार वर्षांपूर्वीच थांबलं होतं आणि हे मला माहीत नव्हतं, कारण पत्नीने उपास सोडल्याचं मला सांगितलं नव्हतं. विमा कंपनीच्या साहेबाला हे वाचून काय वाटेल कोण जाणे.

पण ऑपरेशनला ती अजून हो म्हणत नाही. ‘आधी कंपनीचं येऊ द्या.’ डॉक्टर म्हणतात, फेब्रुवारीचा मध्य ओलांडू नका.

तुझा
रामकृष्ण

———

नागपूर
३० जानेवारी

रामकृष्णा,

तुझ्या साहेबाला जन्मात असं पत्र आलं नसेल. तो घरी जाऊन बायकोला वाचून दाखवेल.

पहिल्या दाव्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. दुसरं ऑपरेशन ठरवून करायचं आहे, अचानक नाही. तेव्हा भरती होण्याआधीच रुग्णालयाकडून कंपनीला मंजुरीची विनंती पाठवायला सांगा, डॉक्टरचा खुलासा जोडून. कंपनीचं मत काय झालं ते तिथेच कळेल, आणि पैसे खिशातून काढायच्या आधी कळेल. खोली तीन हजारांच्या आतली. रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज आधीच लिहून घ्या आणि कशाचे पैसे मिळणार नाहीत ते तिथल्या विम्याच्या टेबलावर विचारा. प्रतिमाने विचारावं. तू विचारलंस तर त्या माणसाला कथा सांगत बसशील.

नाहीच म्हणाले तर कंपनीचा तक्रार अधिकारी आहे, त्याच्यावर भोपाळला विमा लोकपाल आहे. माझा हात अजून चालतो.

आणि एक. तू घाटावर जे बोललास ते मला लिहिलंस म्हणून मी दिवसभर खुशीत होते. बहिऱ्या माणसाला एवढं स्पष्ट क्वचित ऐकू येतं.

शरयूताई

———

महाराजपूर
२७ फेब्रुवारी

ताई,

प्रतिमाचं ऑपरेशन तेरा तारखेला झालं. पोटाला चार बारीक टाके, तिसऱ्या दिवशी घरी. तार करता आली नाही म्हणून उशीर झाला, रागवू नकोस.

मंजुरी भरतीच्या आधीच आली होती. विम्याच्या टेबलासमोर प्रतिमाच बसली. मी शेजारी नुसता पिशवी धरून. तिने त्या माणसाला एकेक ओळ विचारली, ‘ये कंपनी देगी? और ये? ये क्यों नहीं देगी?’ तो आधी कंटाळला, मग नीट बसून समजावू लागला. मग तिने मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘चलो, करून टाकू.’ ताई, इतके दिवस मी ज्या होकारासाठी माईला साकडं घालत होतो तो त्या टेबलावर, दोन पावत्यांच्या मधे आला.

दोघींच्या वॉर्डात राहिली. शेजारच्या खाटेवर गोहलपूरच्या एक आजी होत्या. टीव्ही दिवसभर चालू होता. दोघींनी मिळून सगळ्या मालिका पाहिल्या. जप झाला का मी विचारलं नाही.

आणि परवा पहिल्या दाव्याचेही पैसे आले. सगळे नाहीत. ब्याण्णव हजारांतले बासष्ट. मी पेन्सिल घेऊन बसलो. हातमोजे आणि त्या जातीच्या वस्तू गेल्या, खोलीपायी डॉक्टरच्या फीसकट सगळ्यातला तीनातला एक गेला, औषधांना हात लागलेला नाही. बेरीज जुळली. कमी आलेले पैसे कुठे आणि का गेले हे कळलं की ते तेवढे टोचत नाहीत, हे मला या वयात समजलं. अवंतीची फी वेळेवर भरली. तिला आता सगळं सांगितलं आहे. ती फोनवर आईला म्हणाली, ‘मैंने कुछ नहीं बताया पापा को, हाँ।’ दोघींचं हे संगनमत चार वर्षं माझ्या घरात नांदलं, आणि मला पत्ता नाही! मनातल्या मनात मी दोघींना हात जोडले.

काल महाशिवरात्र होती. मला उपास होता. प्रतिमाला अजून ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून सकाळी मीच बिनतेलाची मुगाची डाळ केली, फुलके केले. माझे फुलके कसे होतात ते विचारू नकोस. ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून जेवत होती, दार उघडं होतं. समोरच्या वर्माबाई पूजेचं ताट घेऊन मंदिराकडे निघाल्या होत्या. दारात थांबल्या, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अरे भाभीजी, आज के दिन भी? आपका तो कभी छूटता नहीं था।’

मी स्वयंपाकघरातून उत्तर देणारच होतो. ‘ऑपरेशन हुआ है इनका’ हे वाक्य तोंडात तयार होतं. खोटंही नव्हतं ते. पण ते मी तिथेच ठेवलं आणि पुढचा फुलका लाटायला घेतला.

प्रतिमाने घास गिळला आणि म्हणाली, ‘छूट गया दीदी। भूख लगती है मुझे।’

मग आत वळून मला म्हणाली, ‘अजून एक द्या. गरम.’

तुझा
रामकृष्ण